तासातली पाच मिनिटं

१. दोन प्रश्न, दोन्ही रास्त

पालकसभेत वर्गातल्या हालचालींचा विषय निघाला की मागच्या रांगेतून एक हात हमखास वर होतो. "बाई, आधीच पोर्शन पुरा होत नाही म्हणता, त्यात वर्गात उड्या मारायला वेळ कुठून काढणार?" सभा संपल्यावर शिक्षकांच्या खोलीत चहाबरोबर दुसरा प्रश्न येतो. "बेचाळीस पोरं, दोन बाकांमध्ये वीतभर जागा. व्यायाम करायचा कुठं, बाकावर?"

प्रश्न दोन्ही रास्त आहेत आणि त्यांची उत्तरं या प्रकरणात येतीलच. पण तिसरा एक प्रश्न फारसा कुणी विचारत नाही. सगळं पटलं, उत्साहानं सुरूही केलं, तरी महिन्याभरात हा उपक्रम गुपचूप बंद का पडतो? माझ्या मते खरी मेख तिथंच आहे, म्हणून त्यावर जरा जास्त वेळ घालवू.

आधी आपण कशाबद्दल बोलतोय ते ठरवून घेऊ. वर्गातली हालचाल म्हणजे शाळेचा तास चालू असताना, वर्गशिक्षकानंच, बहुतेक वेळा वर्गातच घेतलेली पाच ते पंधरा मिनिटांची हालचाल. पीटीचा तास वेगळा, मधली सुट्टी वेगळी, पंधरा ऑगस्टची कवायत तर फारच वेगळी. ही हालचाल त्या तिघांच्या जोडीला असते. "वर्गात घेतो ना आम्ही, मग पीटीचा तास गणिताला देऊन टाकू," असं म्हणणारे हेडसर भेटतात. त्यांना हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवलेलं बरं.

२. साठ मिनिटांचा हिशेब

जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० मध्ये दिलेल्या सल्ल्यानुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं मध्यम ते जोरकस हालचाल हवी. मध्यम म्हणजे किती हे ओळखायला यंत्र लागत नाही. चालताचालता बोलता येतं, पण गाणं म्हणायला गेलं की दम पुरत नाही, ती मध्यम हालचाल. दोन-चार शब्दांनंतर श्वासासाठी थांबावं लागलं की ती जोरकस झाली.

ही साठ मिनिटं किती मुलांना मिळतात? १४६ देशांमधल्या ११ ते १७ वर्षांच्या शाळकरी मुलांची माहिती एकत्र करून २०१६ सालचं चित्र मांडलं गेलं, तेव्हा शंभरातली ८१ मुलं कमी पडली. भारताचा आकडा सुमारे ७४ होता. जगाच्या मानानं बरा, पण शंभरातली ७४ मुलं पुरेशी हलत नाहीत यात मिरवण्यासारखं काही नाही.

"पण आमच्याकडे आठवड्याला पीटीचे तास आहेत की!" आहेत. एक तास जवळून बघू. वर्गात ४२ मुलं आहेत आणि सरांनी मैदानावर खो-खो लावला आहे. शिस्तीत, नियमानं. पाठलाग करणाऱ्या संघाचे आठ जण पाटीवर बसलेले, एक जण पळतोय, आणि बचावाचे तिघं एका वेळी मैदानात. म्हणजे मैदानावर बारा जण, त्यातले पळतायत चौघं. उरलेली तीस मुलं रेषेबाहेर बसून ओरडतायत. खो मिळत जातो, माणसं बदलतात, हे खरंच. पण पस्तीस मिनिटांच्या तासात एखाद्या मुलाच्या वाट्याला खरी धावपळ तीन-चार मिनिटंच येते, आणि जो मुलगा कुणालाच आपल्या संघात नको असतो, त्याच्या वाट्याला तेवढीही येत नाही. यात खो-खोचा दोष नाही. तो बाराजणांचा खेळ आहे आणि आपण तो बेचाळीसजणांना पुरवतोय.

आता दुसरा हिशेब. वर्गात रोज फक्त दोनदा, पाच-पाच मिनिटं, सगळ्या मुलांनी एकदम हालचाल केली तर दिवसाची दहा मिनिटं झाली. शिक्षण हक्क कायद्यानं सहावी ते आठवीच्या वर्गांना वर्षाला किमान २२० दिवस कामाचे सांगितले आहेत. २२० गुणिले १० म्हणजे २,२०० मिनिटं, अर्थात ३६ तास ४० मिनिटं. यात साठ मिनिटांचा कोटा भरत नाही, त्यातली दहाच भरतात. बाकीची सुट्टीत, शाळेच्या वाटेवर आणि संध्याकाळी अंगणात कमवावी लागतात. मात्र ही दहा मिनिटं सगळ्यांना मिळतात, ज्याला खेळात कुणी घेत नाही त्यालाही.

पाच मिनिटांचे तुकडे कशाला, आठवड्यातून एकदा सलग तासभर का नको, असंही कुणी विचारतं. शेतकऱ्याच्या मुलाला हे सांगावं लागत नाही. पाट सोडला की पाणी धो धो येतं आणि बरंचसं वाहून जातं. ठिबकचं पाणी थोडं असतं पण रोज मुळाशी पडतं. शुक्रवारच्या धावण्यानं मंगळवारच्या पाचव्या तासाची पेंग जात नाही.

३. अभ्यास बुडतो का?

वरचाच आकडा शिक्षक उलटा वाचतात. २,२०० मिनिटं म्हणजे पस्तीस मिनिटांच्या जवळजवळ ६३ तासिका! एवढ्यात इतिहासाचं अख्खं पुस्तक होतं. मग हे नुकसान परवडतं का?

कॅनडातल्या क्युबेक प्रांतात त्रॉ-रिव्हिएर नावाच्या गावात १९७० ते १९७७ या काळात याचा कस लागला. तिथं प्राथमिक शाळेतल्या मुलांच्या एका गटाला आठवड्याला पाच तास जादा शारीरिक शिक्षण दिलं. त्यासाठी अभ्यासाच्या विषयांचा सुमारे १४ टक्के वेळ कापावा लागला. एवढा वेळ जाऊनही ही मुलं मागं पडली नाहीत, वरच्या इयत्तांत तर सोबतच्या वर्गांपेक्षा थोडी पुढंच होती. आपल्या दिवसाला दहा मिनिटांच्या मानानं ती कात्री कितीतरी मोठी होती.

हे कसं होतं? तासात गुरुजी पस्तीस मिनिटं शिकवतात म्हणजे मुलं पस्तीस मिनिटं शिकतात असं नसतं. निरीक्षक वर्गात मागं बसून ठरावीक वेळानं एकेका मुलाकडे बघतो आणि नोंदवतो, आत्ता हे मूल कामात आहे की खिडकीबाहेर. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात 'एनर्जायझर्स' नावाचे दहा-दहा मिनिटांचे वर्गातले उपक्रम तयार झाले, त्यांची तपासणी अशीच झाली. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात उपक्रमानंतर मुलांचं कामात असण्याचं प्रमाण सुमारे ८ टक्क्यांनी वाढलं. ज्यांचं चित्त सर्वांत कमी ठिकाणावर होतं, त्यांच्यात ही वाढ सुमारे २० टक्के होती. शिवाय शाळेच्या वेळात प्रत्येक मूल दिवसाला सरासरी ७८२ पावलं जास्त चाललं. ज्याला आपण 'वर्गातला उपद्रवी' म्हणतो, त्याला याचा सर्वांत जास्त उपयोग होतो, असं मी यातून वाचतो.

मेंदूत काय घडतं याची एक झलक इलिनॉय विद्यापीठातल्या २००९ च्या प्रयोगात दिसते. नऊ-दहा वर्षांच्या वीस मुलांना ट्रेडमिलवर वीस मिनिटं चालवलं, मग पडद्यावर बाणांची रांग दाखवली. मधला बाण कुठं बघतो ते सांगायचं आणि आजूबाजूचे उलटे बाण दुर्लक्षायचे. सोपं वाटतं, पण नको ते मनाआड करणं हेच तर वर्गात मुलाला दिवसभर करावं लागतं. चालून आल्यावर मुलांची उत्तरं नुसतं बसून राहिलेल्या दिवसापेक्षा जास्त बरोबर आली. वीसच मुलं होती, प्रयोगशाळा होती, तेव्हा यावरून फार मोठी इमारत उभारू नये.

आता गुणांबद्दल. नेदरलँड्समध्ये ग्रोनिंगेन विद्यापीठाच्या संशोधकांनी १२ शाळांत दुसरी-तिसरीच्या ४९९ मुलांवर दोन वर्षं काम केलं. आठवड्याला तीन वेळा, २० ते ३० मिनिटं, गणित आणि भाषेची उजळणी हालचालीतून. दोन गुणिले तीन विचारलं की सहा उड्या. शब्दाचं स्पेलिंग म्हणताना अक्षरागणिक एक उडी. दोन वर्षांनी ही मुलं गणितात आणि स्पेलिंगमध्ये बाकीच्यांपेक्षा सुमारे चार महिने पुढं गेली होती. वाचनात मात्र काही फरक पडला नाही. उलट अमेरिकेत कॅन्ससच्या बाजूला १७ शाळांत तीन वर्षं चाललेल्या अशाच मोठ्या प्रयोगाचा निकाल २०१७ मध्ये आला, त्यात अभ्यासात ना वाढ दिसली ना घट.

म्हणून पालकांना हा उपक्रम 'गुण वाढतील' म्हणून विकू नये. अभ्यास बुडत नाही हे ठामपणे सांगावं, लक्ष सुधारतं हे बऱ्याच खात्रीनं सांगावं, आणि गुणांबद्दल गप्प बसावं. एकदा गुणांचं वचन दिलं की पहिल्या घटक चाचणीनंतर तेच वचन गळ्यात येतं.

४. विसावा आणि हलता पाठ

वर्गातल्या हालचालींचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात अभ्यास थांबवून मुलं हलतात: जागच्या जागी चालणं, खांदे फिरवणं, टाचा उचलणं. याला विसावा म्हणू. दुसऱ्यात हालचालीतूनच धडा पुढं सरकतो. तो हलता पाठ. विसावा घ्यायला तयारी लागत नाही, म्हणून सुरुवात त्यानं करावी. पण वर्षभर टिकतो तो हलता पाठ, कारण त्यात शिक्षकाचं काम होऊन जातं.

एक पाठ बारकाईनं बघू. विषय शुद्धलेखन, इयत्ता पाचवी. ऱ्हस्व-दीर्घ हे आपल्या पोरांचं (आणि थोरांचंही) जुनं दुखणं. बाई सांगतात, ऱ्हस्व वेलांटी किंवा ऱ्हस्व उकार आला की गुडघे वाकवून खाली जायचं. दीर्घ आला की चवड्यांवर उठून दोन्ही हात छताकडे. बाकी अक्षरांना सरळ उभं राहायचं. बाई म्हणतात, "पाणी." सगळे वर. "कविता." सगळे खाली. "पिशवी." आधी खाली, मग सरळ, मग वर. दुसऱ्या फेरीत जोड्या येतात. "फूल." वर. "फुलं." खाली. "गरीब." वर. "गरिबी." खाली आणि वर.

आठ-दहा शब्द झाले की वर्गातल्या कुणाच्या तरी लक्षात येतं, "बाई, शब्दाच्या शेवटी नेहमी वरच जायचंय!" नियम मुलांनी स्वतः पकडला: मराठी शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ. मग बाई हळूच म्हणतात, "आणि." निम्मा वर्ग वर, निम्मा खाली, आणि एकच हशा. पाठोपाठ "परंतु" येतो. अपवाद असा हशात अडकला की सहसा निसटत नाही. चार मिनिटांत तीसेक हालचाली झाल्या, श्वास थोडा वाढला, आणि बाईंची शुद्धलेखनाची उजळणी झाली. फळ्यावर तेच शब्द लिहून घ्यायला पुढची पाच मिनिटं.

अशी सोय बऱ्याच विषयांत आहे. भूमितीत हातांनी लघुकोन, काटकोन, विशालकोन करता येतात. भूगोलात वर्गाच्या चार भिंतींना चार दिशा देऊन "नागपूरहून मुंबईला निघालात" म्हटलं की सगळ्यांनी पश्चिमेकडे वळून दहा पावलं जागच्या जागी टाकायची. विज्ञानात चूक-बरोबरची विधानं उठबस करून सोडवता येतात. नवी संकल्पना शिकवताना मात्र हे करू नये. अपूर्णांकांची बेरीज पहिल्यांदा समजून घेताना मुलाला स्वस्थ बसू द्यावं. हलता पाठ उजळणीचा आहे. ग्रोनिंगेनचे पाठही उजळणीचेच होते.

आपल्याकडे हे अगदी नवं आहे असंही नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला बालवाडीचं काम उभं केलं, त्यात अभिनयगीतं होती, परिसरात हिंडणं होतं, आणि गुरांमागं जाणाऱ्या आदिवासी मुलांसाठी थेट कुरणात भरणारी शाळा होती. आजही कुठल्याही अंगणवाडीत डोकावलं तर मुलं हातवारे करत गाणी म्हणत असतात. पहिलीत नाव घातलं की तीच मुलं हाताची घडी, तोंडावर बोट. पहिली आणि बालवाडी यांच्यामधल्या दोन-तीन महिन्यांत मुलाच्या शरीरात असा काय बदल होतो, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

५. वीतभर जागेचं काय करायचं

जिल्हा परिषदेच्या बऱ्याच शाळांत पहिली-दुसरी सतरंजीवर बसते. तिथं अडचणच नाही. सतरंजी गुंडाळली की मैदान. अडचण आहे ती जोडबाकांच्या वर्गात. तिथं एकाआड एक रांगा उठवाव्यात, किंवा सगळ्यांनी आपापल्या जागी बाकाबाहेर एक पाय टाकून उभं राहावं. हात बाजूला पसरायचे व्यायाम टाळावेत, वर उचलायचे घ्यावेत. एवढ्यानं निम्म्या भांडणांची सोय होते, कारण भांडणं "सर, यानं मला मारलं" याचीच असतात. दप्तरं मात्र आधी बाकाखाली गेली पाहिजेत. बाकांमधल्या वाटेत लोळणारा दप्तराचा पट्टा हा या उपक्रमातला सर्वांत मोठा धोका आहे.

वर्ग वरच्या मजल्यावर असेल तर उड्या बाद. चाळीस पोरं एकदम उडाली की खालच्या वर्गात गणिताच्या वहीवर छताचा चुना पडतो, आणि दुसऱ्या दिवशी उपक्रम बंद. तिथं टाचा उचलणं, गुडघे वर घेणं, अर्धं बसणं चालतं.

काही गोष्टी पुस्तकात सापडत नाहीत, वर्गात सापडतात. सातवी-आठवीच्या मुली वाकायच्या, उड्या मारायच्या हालचालींना बिचकतात. गणवेश कसा आहे आणि मागं कोण बसलंय यावर बरंच ठरतं. त्यांना भिंतीकडेची जागा द्यावी आणि हालचाल निवडायची मुभा द्यावी, "आज तू बस" असं सगळ्यांदेखत म्हणू नये. व्हीलचेअरवरच्या मुलाला गुण मोजायला बसवण्याची आपल्याला फार सवय आहे. शुद्धलेखनाचा पाठ त्याच्यासाठी हातांचा करता येतो: ऱ्हस्वला हात मांडीवर, दीर्घला वर. आणि अख्ख्या वर्गानंच एक फेरी तशी केली तर कुणाला वेगळं काही वाटतही नाही.

खिचडी खाऊन आल्याआल्या जोरकस काही घेऊ नये, नुसतं उभं राहून ताणणं पुरे. विदर्भ-मराठवाड्यात मार्चनंतर पत्र्याखालच्या वर्गात हालचाल सकाळच्या पहिल्या दोन तासांतच उरकावी. उपाशी येणारी मुलं शिक्षकाला माहीत असतात, त्यांच्यावर नजर ठेवावी.

६. उठाबशांचं ओझं

आपल्या शाळांत शारीरिक हालचालीला एक डाग लागलेला आहे. गृहपाठ नाही केला, दहा उठाबशा काढ. उशीर झाला, ग्राउंडला दोन फेऱ्या मार. अंगठे धरून उभा राहा. पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी हालचाल शिक्षा म्हणून ओळखली, आणि नंतर तिशीत डॉक्टरांनी "चालायला लागा" म्हटलं की तोंड वाकडं होतं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला बंदी आहे, तरी उठाबशा 'व्यायामच तर आहे' म्हणून चालू राहतात.

याची दुसरी बाजू कमी दिसते. "गडबड केली ना, आता तुमचा विसावा बंद." अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानं वर्गातल्या हालचालींवर २०१८ मध्ये शाळांसाठी मार्गदर्शन काढलं, त्यातही शिस्तीसाठी हालचाल हिरावून घेऊ नये असं बजावलं आहे. गडबड करणाऱ्या मुलालाच हलण्याची गरज जास्त असते, हे वर आलंच आहे. ज्या शाळेत उठाबशा चालू आहेत तिथं हा उपक्रम सुरू करू नये, आधी उठाबशा थांबवाव्यात.

७. थांबवता येणं

नव्या शिक्षिकेला भीती असते ती सुरू करण्याची नाही, आवरण्याची. पोरं एकदा उठली की बसतील का? म्हणून पहिला आठवडा व्यायाम बाजूलाच ठेवावा आणि सुरुवात-शेवट यांचाच सराव घ्यावा. आपल्या मुलांना यासाठी आयता खेळ येतो: 'स्टॅच्यू'. बाईंनी "स्टॅच्यू" म्हटलं की जसे असाल तसे गोठायचं, "ओव्हर" म्हटलं की हळू बसायचं. ओरडावं लागत नाही. शेवटचं अर्धं मिनिट मंद ठेवावं, दोन खोल श्वास, मग वही उघडायची. हालचालीवरून थेट गणिताच्या उदाहरणावर उडी घेतली की वर्ग हातातून जातो आणि दोष व्यायामाला मिळतो. शेजारच्या वर्गाच्या सरांना आधी सांगून ठेवावं, एवढंच.

८. उपक्रम बंद का पडतात

कॅन्ससच्या बाजूचा जो प्रयोग वर सांगितला, त्यात शिक्षकांनी आठवड्याला १०० मिनिटं हलते पाठ घ्यावेत असं ठरलं होतं. प्रशिक्षण होतं, साहित्य होतं, विद्यापीठ पाठीशी होतं. तरी प्रत्यक्षात जेमतेम निम्मी मिनिटं भरली. या आकड्याची मला लाज वाटत नाही, उलट आधार वाटतो. साधनसंपन्न शाळांत हे होतं तर केंद्रातल्या दोनशिक्षकी शाळेला नावं कशाला ठेवायची? निम्म्याचाच अंदाज धरून बेत आखावा.

त्याआधीच्या, २००९ मध्ये निकाल आलेल्या कॅन्ससमधल्याच २४ शाळांच्या प्रयोगात एक साधी गोष्ट पुढं आली. ज्या वर्गात शिक्षक स्वतः मुलांबरोबर हालचाल करत होते, तिथं मुलं जास्त जोमानं हलत होती. खुर्चीत बसून "करा रे" म्हणणाऱ्याच्या वर्गात मुलंही खुर्चीत बसल्यासारखीच हलतात. याच प्रयोगात आठवड्याला ७५ मिनिटांहून जास्त पाठ झालेल्या शाळांत मुलांचं वजन उंचीच्या मानानं कमी वाढलं. कमी पाठ झालेल्या शाळांत तो फायदा दिसला नाही.

बंद पडण्याची आपल्याकडची कारणं मला अशी दिसतात. पहिलं, वेळापत्रकात जागा नसते. 'जमेल तेव्हा घ्या' म्हणजे घेऊ नका. तिसऱ्या तासाच्या शेवटी आणि दुपारच्या पेंगेच्या तासाच्या मध्यावर, असं वेळापत्रकावर पेनानं लिहिलेलं हवं. दुसरं, पहिल्याच आठवड्यात तीस व्यायामांचा तक्ता भिंतीवर लागतो. तीन पुरतात. स्कॉटलंडमध्ये स्टर्लिंगच्या सेंट निनियन्स प्राथमिक शाळेत इलेन वायली या मुख्याध्यापिकेनं २०१२ मध्ये 'डेली माइल' सुरू केलं: रोज पंधरा मिनिटं, मुलं मैदानाभोवती आपापल्या वेगानं धावतात किंवा चालतात, कपडे-बूट बदलायचे नाहीत, परत वर्गात. हे वर्गाबाहेरचं आहे, पण ते हजारो शाळांत पसरलं ते त्यात शिकवण्यासारखं जवळजवळ काही नाही म्हणून. फिनलंडनं उलट वाट धरली. तिथं २०१० मध्ये मोजक्या शाळांपासून सुरुवात झाली, प्रत्येक शाळेनं आपला बेत आपण ठरवला, मोठ्या मुलांना लहानांचे खेळ घ्यायला लावलं, आणि मग ते देशभर गेलं. दोन्हीत वरून आलेलं परिपत्रक नाही.

तिसरं कारण फोटो. 'उपक्रमाचे फोटो दुपारी दोनपर्यंत ग्रुपवर टाकावेत.' या एका ओळीनं जितके चांगले उपक्रम मारले तितके आळसानं मारले नसतील. फोटोसाठी मुलं रांगेत उभी राहतात, हात वर धरून ठेवतात, आणि हालचाल तिथंच संपते. २९ ऑगस्ट २०१९ ला सुरू झालेल्या 'फिट इंडिया' मोहिमेत शाळांना ध्वज आणि तारे मिळवता येतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात खेळातून शिकण्याचा उल्लेख आहे. धोरणाचं पाठबळ आहेच. पण केंद्रप्रमुखांनी महिन्याच्या शिक्षण परिषदेत दहा मिनिटं काढून एखाद्या बाईंना सगळ्या गुरुजींकडून ऱ्हस्व-दीर्घचा पाठ करून घ्यायला लावलं, तर ते कुठल्याही ताऱ्यापेक्षा लांब जाईल. पोट सांभाळत 'परंतु'ला खाली बसलेले गुरुजी दुसऱ्या दिवशी वर्गात हा पाठ घेतात.

९. मोजायचं काय, सुरू कधी करायचं

वजन-उंची मोजायच्या फंदात शिक्षकानं पडू नये. दोन गोष्टी पुरतात. पहिली, वर्गातल्या कॅलेंडरवर रोजची खूण. विसावा झाला एक टिंब, हलता पाठ झाला दोन टिंबं. हे काम वर्गमंत्र्याला द्यावं, तो विसरू देत नाही.

दुसरी, लक्षाची नोंद. आठवड्यातून एकदा, स्वाध्यायाच्या वेळी, सहा मुलं मनात ठरवावीत आणि दहा मिनिटं दर मिनिटाला त्यांच्याकडे एकदा बघावं. कामात असेल तर बरोबरची खूण, नसेल तर शून्य. सहा मुलं, दहा वेळा, साठ नोंदी. समजा हालचाल नसलेल्या दिवशी ३६ खुणा बरोबर आल्या आणि हालचालीनंतरच्या दिवशी ४३. म्हणजे ६० टक्क्यांवरून सुमारे ७२ टक्के. एका दिवसाच्या आकड्यावर जाऊ नये. पाच-सहा आठवड्यांच्या नोंदी शेजारी ठेवल्या तरच काही म्हणता येतं. फरक दिसला नाही तर वेळ बदलून बघावी, बहुतेकदा चूक तिथं असते.

सुरुवातीला जून टाळावा. पुस्तकं, गणवेश, प्रवेश, आधारच्या नोंदी यांत तो महिना जातो. ऑगस्टमध्ये दोन इच्छुक शिक्षकांनी आपापल्या वर्गात नुसता विसावा सुरू करावा, दिवाळीनंतर हलते पाठ आणावेत आणि मग बाकीच्या वर्गांना बघायला बोलवावं. सक्ती केलेले सहा वर्ग आणि हौसेचे दोन, यांत मी डोळे झाकून दोन घेईन. मार्चमध्ये परीक्षेच्या नावाखाली सगळं थांबवायची लहर येते, पण उजळणीचे दिवस हेच असतात आणि हलते पाठ उजळणीचेच आहेत. तेव्हा बंद करायचंच झालं तर विसावा एक वेळचा करावा, पाठ चालू ठेवावेत.